उजव्या बाजूचा दांडा

सोमवार, ४ मार्च

हाताचं प्लास्टर निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, रोज चार ओळी लिहा, नाहीतर बोटं अशीच राहतील काटक्यांसारखी. मी विचारलं, काय लिहू? म्हणे, दिवसभरात काय झालं ते. आता माझ्या दिवसात काय होतं? सून चहा पातळ करते आणि मी तो पिते. झालं लिहून.

शाळा माझी चार यत्ता, त्यातली एक तापात गेली. बाकीची अक्षरं मी इंजिनाच्या पितळी पाटीवर शिकले. पाटी घासताना फडकं अक्षराच्या वळणानेच फिरवावं लागतं, नाहीतर खाचेत काळं राहतं. म्हणून माझं अक्षर मोठं आणि गोल आहे. सून म्हणते दुकानाच्या पाटीसारखं. तिचं स्वतःचं मुंग्या चिरडल्यासारखं.

बुधवार, ६ मार्च

आज लिहिण्यासारखं आहे. चिरंजीवांना काम आलं. संग्रहालयवाल्यांना वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती हवी आहे, हातभर लांबीची, काचेच्या पेटीत ठेवायला. चिरंजीव बावन्न वर्षांचे आहेत, कारखान्यातून लवकर सुटले आणि तेव्हापासून मागच्या खोलीत इंजिनंच करत बसतात. खेळणी म्हटलं की राग येतो. "आई, खेळण्यात आणि ह्यात फरक आहे. ह्यात रिव्हेट मोजून असतात."

कोणतं इंजिन म्हणून विचारलं, तर बराच वेळ कानस घासत राहिला. मग म्हणाला, "आपलंच."

आपलंच म्हणजे मी सहा वर्षं पुसलं ते. त्याचा बाप त्या इंजिनावर फायरमन होता, भट्टीत कोळसा टाकणारा, आणि त्याच्यावरूनच पडून गेला ते. हा तेव्हा तीन वर्षांचा. यार्डात इंजिन हळू चाललं होतं, चाकांपुढे वाळू सोडायची नळी तुंबली म्हणून हे बॉयलरच्या उजव्या कडेच्या फळीवरून पुढे गेले आणि खाली आले. शेजारच्या रुळावर डोकं. चौकशीवाल्यांनी एक ओळ लिहिली: दांडा असूनही धरला नाही, स्वतःचा निष्काळजीपणा. ती ओळ ह्या घरात एकोणपन्नास वर्षं राहते आहे, भाडं न देता.

शनिवार, ९ मार्च

संग्रहालयाकडून एक गृहस्थ आले. रेल्वेच्या नकाशाखान्यात आयुष्य काढलेले, सत्तरीचे, खिशात पोलादी पट्टी. बसायच्या आधी खुर्चीची रुंदी मोजतील असं वाटलं. मी त्यांना फूटपट्टी म्हणते, अर्थात मनात. सत्तरीचा माणूस मला आजी म्हणतो, मग मी काय काय म्हणू शकते.

मूळ इंजिन कधीच मोडीत गेलं. उरला एक नकाशा आणि कारखान्यातून बाहेर पडतानाचा एक फोटो. तो फोटो डाव्या बाजूचा. फूटपट्टी सांगत होते की फोटोसाठी त्या काळी इंजिनाची एकच बाजू रंगवायचे, दुसरी तशीच. म्हणजे उजवी बाजू कुणी पाहिलेलीच नाही.

"मी पाहिली आहे," मी म्हटलं. "शेडमध्ये प्रत्येकीला एक बाजू वाटून दिलेली असायची. माझी उजवी."

फूटपट्टींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलली. "आजी, इतक्या वर्षांनी नक्की आठवतं?"

"तुमच्या नकाशात भोंगा सरळ आहे. आमचा मागे कलला होता. माणसाने टोपी मागे सारावी तसा. आणि पुढच्या दारावर ठिगळ होतं, अकरा रिव्हेटांचं. अकरावा वाकडा."

"नकाशात ठिगळ नाही."

"नकाशा पुसायला जात नव्हता शेडमध्ये."

चिरंजीव हसू दाबत खाली बघत होता. मग त्याने पट्टी लावल्यासारखं सरळ सांगितलं, "आणि उजव्या बाजूला बॉयलरच्या कडेने धरायचा दांडा नव्हता."

"नकाशात दोन्ही बाजूंना आहे."

"नव्हता. आई तिथे होती."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. लहान असताना हा रडत विचारायचा, बाबांनी दांडा का नाही धरला? तेव्हापासून मी त्याला तेच सांगत आले आहे. दांडाच नव्हता रे, धरणार काय.

रविवार, १० मार्च

चिरंजीवांचा बेत कळला. सुनेने सांगितला, त्याने नाही. प्रतिकृती उजवी बाजू पुढे करून ठेवायची. लोक विचारतील, दांडा का नाही. खाली पाटी असेल: ह्या बाजूस दांडा नव्हता. म्हणजे त्याच्या बापाला निष्काळजी म्हणणारी ओळ खोटी, आणि ती खोटी असल्याचं काचेच्या पेटीत, सगळ्यांसमोर. सून म्हणाली, "आई, आयुष्यभर एवढीच एक गोष्ट मागितली आहे त्यांनी."  मी म्हटलं, चहात साखर घाल आधी.

बुधवार, १३ मार्च

त्याच्या शेजारी स्टुलावर बसते आता. मी सांगते, तो करतो. नळ्या तारेच्या, रिव्हेट पत्र्याला मागून टोचून काढलेले, एकेक मोहरीहून बारीक. अर्ध्या चड्डीत बसतो घोड्यासारखा माणूस, गुडघ्यावरच्या पांढऱ्या व्रणाला पितळेचा कीस चिकटलेला. चाकांच्या आऱ्या मोजायला लावल्या. मी डोळे मिटून हाताने हवेत पुसल्या. तेव्हाच मोजता येतात. पुढच्या चाकाला बारा.

"नकाशात बारा," तो म्हणाला आणि असा खूश झाला, जणू बाराचा पाढा मी शोधून काढला.

रविवार, १७ मार्च

फूटपट्टी धापा टाकत आले. कुठल्याशा जुन्या मासिकात इंजिनाचं तोंड दिसतं असा फोटो सापडला. दारावर ठिगळ. भिंगाखाली मोजले, अकरा रिव्हेट. अकरावा वाकडा.

म्हाताऱ्याने खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. हत्यार टाकतात तशी. "आजी, यापुढे तुमचा शब्द म्हणजे नकाशा."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. त्याचा बाप पगाराच्या दिवशी असं बघायचा. मला आवडलं नाही ते.

बुधवार, २० मार्च

त्याने विचारलं, पुसायची रीत कशी होती? पाटीवर तेही लिहायचं आहे म्हणे.

आधी वर चढायचं. बॉयलर रॉकेलात तेल मिसळून पुसायचा, वरून खाली. मग नळ्या. मग पितळ, विटेच्या भुकटीने. मग चाकं, ती पोटात शिरून, तिथे वाकून वाकूनच माझी कंबर गेली. पायऱ्या आणि दांडा सगळ्यात शेवटी, आणि ते कोरड्या फडक्याने, दोनदा. तेलाचा बोळा त्यांना लागला की मुकादम कानशिलात द्यायचा, बाई असो की पुरुष. कारण तिथे माणसाचा जीव धरलेला असतो.

हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "दांडा?"

"डावीकडचा म्हणते मी."

"हां," म्हणाला, आणि लिहून घेतलं.

हात दुखतो आहे. डॉक्टरीणबाईला काय जातं सांगायला.

मंगळवार, २६ मार्च

फूटपट्टींनी कागदावर सही केली. उजव्या बाजूस दांडा नव्हता, असं शेडमध्ये काम केलेल्या बाईच्या साक्षीवरून मान्य. चिरंजीव दिवसभर शीळ घालत होता. सुनेने गोड केलं होतं. मला भूक नव्हती. सून म्हणाली, आईंना आनंद झाला की जेवण जात नाही. तिला वाटतं तिला मी कळते.

रविवार, ३१ मार्च

आमच्या मुकादमाची लेक आली होती. आता तीही साठीला टेकली. संग्रहालयात इंजिनाचं चाललं आहे असं कुठून तरी ऐकलं आणि बापाच्या ट्रंकेतला फोटो घेऊन आली. उजव्या बाजूचा.

मोठे साहेब येणार म्हणून इंजिन सजवलं होतं, त्या सकाळचा. शेडची माणसं फळीवर रांगेने उभी, बॉयलरला पाठ लावून. अकरा जण. मी डावीकडून चौथी. काय ते रूप, हाडं आणि दोन डोळे. बाकीचे दहाही आता नाहीत.

चिरंजीवांनी भिंग लावलं. माणसांची रांग, आणि दांडा असता तर नेमका त्यांच्या पाठीमागे लपला असता. दिसत नाही म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. त्याने भिंग खाली, फळीवर सरकवलं. मग हळूच विचारलं, "आई, ही फळी वीतभर रुंद. जमिनीपासून पुरुषभर उंच. तुम्ही अकरा जण कशाला धरून उभे आहात? सगळ्यांचे हात मागे आहेत."

मुकादमाची लेक माझ्याकडे बघायला लागली. 

"फोटोवाल्याने सांगितलं होतं," मी म्हटलं. "हात मागे घ्या. काळे हात वाईट दिसतात."

"मग पडला नाहीत?"

"आम्ही काय साहेब होतो पडायला?"

तो हसला. भिंग ठेवून दिलं. विश्वास ठेवला त्याने. लगेच ठेवला. अकरावा रिव्हेट वाकडा निघाला म्हणून.

सोमवार, १ एप्रिल

लिहायचं नाही आज.

बुधवार, ३ एप्रिल

ही वही डॉक्टरीणबाईला दाखवायची होती. आता दाखवणार नाही. एकदाच लिहिते.

दांडा होता. लोखंडी, माझ्या कोपराच्या उंचीवर, बोटाएवढा जाड, पाच ठिकाणी बॉयलरला धरलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पकडीच्या मध्ये थोडा पोक आलेला. आम्ही अकराही जण तोच धरून उभे होतो.

फोटो झाल्यावर मुकादम ओरडला, सगळ्यांची बोटं उमटली दांड्यावर, साहेब यायच्या आत परत चमकव. घाई होती, रीत मोडून मी तेलाचा बोळा फिरवला, शेवटपर्यंत. लोखंड तेलाने काळंभोर चमकतं. आता कोरडं फडकं दोनदा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात खालून किंकाळी आली.

पोराला मी नळाजवळ खोक्यावर बसवून जायची. तो उतरून राखेच्या खड्ड्याकडे गेला होता. कडेच्या खडीवर पडला, गुडघा फुटला, हाड दिसत होतं. मी फडकं कमरेला खोचलं आणि खाली उतरले. त्याला उचलून दवाखान्यात नेलं. टाके घालून परत येते तो इंजिन यार्डात गेलेलं होतं. माझ्या कमरेला कोरडं फडकं तसंच होतं, घडी न मोडलेलं. मला आठवलं. मी धावत निघाले. पोर कडेवर होतं, जोरात धावता येईना.

उजव्या फळीवरून पुढे तोंड करून गेलं की बॉयलर डाव्या हाताला येतो. रात्री त्यांना मी पुसलं तेव्हा डावा तळवा काळा होता, तेलाने. सगळे म्हणाले, फायरमनचा हात असाच असतो. उजवा नुसता कोळशाचा होता. मला माझं तेल ओळखू येतं.

त्यांनी दांडा धरला होता.

चौकशीवाल्यांनी ड्रायव्हरला विचारलं, मुकादमाला विचारलं. पुसणारीला कोण विचारतो. मी दाराबाहेर उभी होते. आत बोलावलं असतं तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. नोकरी गेली असती, पोराला काय घातलं असतं. हे मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पुढे पेन्शनीत निघाले, तेव्हाही नाही सांगितलं. मग नोकरीचं कारण उरलं नव्हतं.

आणि दांडाच नव्हता हे पोराला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, किती सोपं आहे. एवढी मोठी लोखंडाची वस्तू, आणि एका वाक्यात निघाली.

गुरुवार, ४ एप्रिल

सांगितलं.

मागच्या खोलीत गेले. तो भोंगा बसवत होता, कललेला. मी म्हटलं, "दांडा बसव."

"काय?"

"उजव्या बाजूला. होता."

त्याने चिमटा खाली ठेवला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तेल लावलं, कोरडं पुसलं नाही, बापाने धरला होता, हात सुटला. तो माझ्याकडे वळला. मग विचारलं, "का नाही पुसलंस?"

गुडघा माझ्यासमोरच होता, कीस चिकटलेला.

"विसरले," मी म्हटलं.

"तू? तुला आऱ्या आठवतात, रिव्हेट आठवतात. तू विसरलीस?"

"हो. विसरले. माणूस विसरतं."

"एकोणपन्नास वर्षं मी लोकांना सांगत फिरलो, दांडा नव्हता म्हणून." आवाज चढला नव्हता, त्याचंच वाईट वाटलं. ओरडला असता तर मीही ओरडले असते. "सही घेतली मी त्या माणसाची."

"ती परत घे."

"आणि बाबा?"

"बाबा निष्काळजी नव्हते. मी होते. तेवढंच बदलायचं आहे."

तो उठून बाहेर गेला. चप्पल न घालता.

का राहिलं ते सांगितलं नाही. व्रण कशाचा म्हणून विचारायचा लहानपणी, मी म्हणायची, सायकलवरून पडलास. तेच राहू दे. एक खोटं काढलं, दुसरं माझ्यापाशी असू दे. हे कुणाच्या नकाशात येत नाही.

शनिवार, ६ एप्रिल

बोलत नाही. ताट वाढलं की जेवतो. सून दोघांच्या मधे मिठाचं भांडं इकडून तिकडे करते. तिला त्याने सांगितलं असावं. आज चहा दाट होता.

मंगळवार, ९ एप्रिल

मागच्या खोलीतून कानशीचा आवाज येत होता. पाच दिवसांनी. मी गेले नाही. थोड्या वेळाने दारातूनच विचारलं त्याने, माझ्याकडे न बघता, "किती उंचीवर?"

"माझ्या कोपराला लागायचा."

"पकडी?"

"पाच. दुसऱ्या तिसऱ्याच्या मध्ये पोक."

"किती?"

मी अंगठा आणि बोट धरून दाखवलं. त्याने त्या फटीला पट्टी लावली, मोजली, प्रतिकृतीच्या मापासाठी बत्तीसने भागली आणि आत गेला. माझ्या बोटांना अजून कंप आहे, ते त्याने मोजलं की नाही माहीत नाही.

रविवार, १४ एप्रिल

फूटपट्टी आले. चिरंजीवांनी त्यांना सांगायला तोंड उघडलं, मी म्हटलं, तू थांब. माझी साक्ष आहे, मीच फिरवणार.

"दांडा होता. मी तेलकट ठेवला होता. म्हणून तो माणूस पडला."

म्हाताऱ्याचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं, आता पट्टी काढून मला मोजेल. मग म्हणाला, "आजी, हे पाटीवर लिहायलाच हवं असं नाही. दांडा बसवला की प्रतिकृती बरोबर झाली. कुणी विचारणार नाही."

"मागच्या वेळीही कुणी विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "लिहा."

त्याने पेन काढलं. सही केलेला जुना कागद चार तुकड्यांत फाडला, सरळ रेषेत. फाडतानाही सरळ.

शनिवार, २० एप्रिल

संग्रहालय म्हणजे एक लांब खोली, मेणाचा वास, आणि एक शिपाई, जो कशालाही हात लावू नका म्हणतो. आमचं इंजिन मधल्या टेबलावर, उजवी बाजू पुढे. काळं, भोंगा कललेला, दारावर ठिगळ. मी जवळ गेले आणि पाटी आधी वाचली. मोठी, गोल अक्षरं मला सोपी जातात. दांडा दोन्ही बाजूंना होता. अपघाताच्या दिवशी उजवा दांडा तेलकट राहिला होता. फायरमनने तो धरला होता. खाली, साक्ष: ह्या बाजूची पुसणारी.

लोकांना त्यात काही विशेष दिसणार नाही. एक बाई मुलीला घेऊन आली, चाकं बघून गेली.

दांडा मी शेवटी पाहिला. टाचणीएवढी तार. दुसऱ्या आणि तिसऱ्या पकडीच्या मध्ये पोक. एवढासा पोक कसा काढला कोण जाणे, पण काढला.

काच बसवायला दोन माणसं उभी होती. चिरंजीव म्हणाला, "एक मिनिट." खिशातून फडकं काढलं. जुनं, मऊ, धुतलेलं, चार घडी केलेलं. डावी बाजू त्याने स्वतः पुसली. मग फडक्याची कोरी घडी वर केली आणि माझ्यापुढे धरलं.

"आई, तुझी बाजू."

शिपाई म्हणाला, "आजी, हात लावायचा नाही, आणि धूळ तर नाहीच आहे." चिरंजीवांचे स्वतःचे हात धड असताना माझ्याकडून कशाला पुसून घ्यायचं, कंप सुटलेल्या हाताने, मलाही कळलं नाही. फूटपट्टींनी शिपायाला खांद्याला धरून बाजूला नेलं.

बॉयलर पुसला, वरून खाली. नळ्या. पितळ. चाकं. मग पायऱ्या.

दांडा सगळ्यात शेवटी, कोरड्या फडक्याने. दोनदा.

मग म्हटलं, लावा काच.